दोन तोड्यांमधले दिवस

"मालक, आज मारलं तर परवाचा तोडा निघतो का?"

नांदेडच्या नव्या मोंढ्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. 1992 पासून मी या काउंटरमागे बसतो. भाजीवाला शेतकरी दुकानात आला की खिशातून एखादं वांगं नाहीतर भेंडी काढतो, काउंटरवरच मोडून आतली अळी दाखवतो, औषध मागतो आणि पैसे देता देता हा प्रश्न विचारतो. बाहेर त्याची गाडी चालूच असते. उत्तर ऐकायला त्याच्याकडे फार वेळ नसतो.

पंचवीसेक वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. "निघतो की." कोणतं पीक, किती डोस, ऊन कसं आहे, थंडी पडली का, यातलं काहीही न विचारता मी ते देत आलो. आपण खोटं बोलतोय असं मला वाटत नव्हतं. अळी दोन दिवसांत मरते एवढं ठाऊक होतं, आणि अळी मेली म्हणजे औषधाचं काम संपलं अशी माझी समजूत होती. काम संपल्यावर ते औषध कुठे जातं, हे मनात कधी आलंच नाही. आमच्याकडे लोक म्हणतात, औषध 'उतरतं'. साप चावल्याचं विष उतरतं, तसं. ते कशाने उतरतं, किती दिवसांत उतरतं आणि उतरून कुठे जातं, हे समजायला मला पन्नाशी गाठावी लागली.

माझं गाव अर्धापूर तालुक्यात, केळी-हळदीच्या पट्ट्यात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मी शाळेत होतो तेव्हा, घरच्या वांग्यांवर वडील बीएचसी पावडर धुरळायचे. जुन्या धोतराच्या फडक्यात पावडर बांधायची आणि पहाटे दव असताना ओळीतून चालत ती पुरचुंडी झटकत जायचं. दवामुळे पावडर पानाला धरायची. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वडिलांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. दुपारी आई त्याच वाफ्यातलं वांगं तोडून आणायची, पदराला पुसायची आणि चुलीत भाजायची. त्याच काळात हिवतापवाले गावात यायचे, भिंतींवर डीडीटी मारायचे आणि दाराशेजारी तारीख लिहून जायचे. ती तारीख पुढच्या फवारणीपर्यंत तशीच असायची.

ही दोन्ही औषधं एकाच कुळातली. पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. जमिनीतून चाऱ्यात, चाऱ्यातून म्हशीत आणि म्हशीच्या दुधातल्या स्निग्धांशात येऊन बसतात. शेतीतल्या डीडीटीवर आपल्याकडे 1989 मध्ये बंदी आली, बीएचसीवर 1997 मध्ये. डीडीटी फुटून त्याचं डीडीई होतं आणि ते मूळ औषधाइतकंच चिवट असतं. थंड देशांच्या जमिनीत डीडीटी वर्षानुवर्षं पडून राहतं, आपल्यासारख्या उष्ण मुलखात ते त्यामानाने लवकर कमी होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पुढच्याच परिच्छेदात कळलं की त्यातलं बरंचसं फुटत नाही, उन्हाने वाफ होऊन हवेत जातं आणि वाऱ्याबरोबर थंड प्रदेशात पोचून तिथे खाली बसतं. ज्या उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रकाठी कधी कोणी वांगं लावलं नाही, तिथल्या सीलच्या चरबीत ते सापडलं आहे.

मी दुकान टाकलं तेव्हा नांदेड जिल्हा कापसाचा होता, आजही बराच आहे. त्यामुळे दुकानाची मांडणीही कापसाच्या हिशेबाने. समोरच्या फळीवर बोंडअळीचं औषध, खाली मावा-तुडतुड्यांचं. भाजीवाला येऊन त्याच फळीकडे बोट दाखवायचा. "ते कापसाचं कडक औषध द्या, भेंडीला." प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण मी असंच किती भेंडीवाल्यांना दिलं, सांगता येत नाही. एंडोसल्फान स्वस्त होतं, तेही दिलं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2011 मध्ये ते थांबवलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो गोदामातल्या उरलेल्या खोक्यांचा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायचं नाही, असा आदेश 2005 मध्येच निघाला होता. त्यानंतरही मी ते विकत राहिलो, कारण कापसासाठी परवानगी होती. समोरचा माणूस ते कापसासाठी नेतो की वांग्यासाठी, हे मी विचारत नसे. विचारलं असतं, तर काही जणांना नाही म्हणावं लागलं असतं. ही चूक माझी आहे. ती मी कोणत्या कंपनीवर किंवा खात्यावर ढकलू शकत नाही.

2017 च्या पावसाळ्यात पैनगंगेपलीकडे, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात होते. त्या दिवसांत दुकानातली प्रत्येक बाटली मी उलटून पाहिली. लेबलवरचा लाल त्रिकोण, पिवळा त्रिकोण मला ठाऊक होता. त्याखालचं बारीक अक्षर मात्र मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चष्मा लावून वाचलं. तिथे पिकापुढे एक रकाना होता : शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे. प्रतीक्षा कालावधी.

त्याच हिवाळ्यात लोह्याकडची एक मावशी दुकानात आली. ती रोजंदारीवर भेंडी तोडायला जायची. औषध न्यायला आली नव्हती. दोन्ही हात तिने काउंटरवर पालथे ठेवले. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल होऊन सोलवटली होती.

"भाऊ, भेंडीची लव खाजवते, ते आमाला ठाव हाय. त्याच्यासाठी आमी हातात जुने पायमोजे घालतोच. पण फवारल्यावरची खाज येगळी असते. मालकीण म्हनती, काल मारलंय, काई होत नाई. तुमी औषध इकता. तुमीच सांगा, काल मारलेलं आज असतंय का नसतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर मी खाणाऱ्याचाही नीट विचार केला नव्हता, पण तोडणाऱ्या बाईचा तर अजिबातच केला नव्हता. भाजी ताटात जायच्या आधी तिच्या बोटांतून जाते, शे-दोनशे वेळा, ओली असताना. मावशीला मी डॉक्टरकडे पाठवलं, रबरी हातमोजे दिले. ती गेल्यावर बराच वेळ मी लेबल वाचत बसलो.

पुढच्या वर्षी मी निविष्ठा विक्रेत्यांच्या पदविकेला बसलो. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने 2003 मध्ये सुरू केलेला हा अभ्यासक्रम. औषध विकायचं तर शिक्षण हवं असा नियम आल्यावर आमच्यासारख्या जुन्या दुकानदारांची तिथे रीघ लागली होती. बरेच जण परवाना टिकवायला आले होते, मीही त्यांतलाच. आठवड्यातून एक दिवस वर्ग. पहिले दोन महिने मी मागच्या बाकावर बसून वहीत टिंबं काढली.

मग एका रविवारी शिकवणाऱ्या सरांनी टेबलावर काचेचे सहा ग्लास मांडले. पहिल्यात हळदीचं गडद पाणी. त्यातलं निम्मं दुसऱ्या ग्लासात ओतलं आणि दुसरा साध्या पाण्याने पहिल्याएवढाच भरला. दुसऱ्यातलं निम्मं तिसऱ्यात, पुन्हा पाणी. असं सहाव्यापर्यंत. सहाव्या ग्लासातलं पाणी लांबून पांढरंच दिसत होतं. सरांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, त्याचं टोक सहाव्या ग्लासात बुडवलं आणि पिळून आमच्यापुढे फिरवलं. टोकाला पिवळट झाक होती.

"औषध असं उतरतं," ते म्हणाले. "ठरावीक दिवसांनी निम्मं. पुन्हा तेवढ्याच दिवसांनी निम्म्याचं निम्मं. एकदम संपत कधीच नाही. आपण बघायचं ते एवढंच, की धोक्याच्या रेषेखाली कितव्या ग्लासात गेलं."

त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. समजा फवारणीच्या दिवशी किलोभर भेंडीवर 2 मिलिग्रॅम औषध बसलं, आणि ते दर 2 दिवसांनी निम्मं होतं. मर्यादा अर्ध्या मिलिग्रॅमची असेल तर चौथ्या दिवशी भेंडी रेषेखाली येते. डोस दुप्पट केला तर सहाव्या दिवशी. आता समजा त्या औषधाला भेंडीसाठी मान्यताच नाही. मग कायदा भाजीसाठी धरतो ती मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे क्विंटलभर भेंडीत 1 मिलिग्रॅम, खसखशीच्या दोन-तीन दाण्यांएवढं. 2 पासून तिथपर्यंत यायला आठ वेळा निम्मं व्हावं लागतं. सोळा दिवस. भेंडीचा तोडा तर दिवसाआड. कापसाचं ते कडक औषध नेणारे आणि परवाचा तोडा विचारणारे एकेक चेहरे माझ्यापुढे आले. ज्या औषधाच्या लेबलवर भेंडी हा शब्दच नाही, त्याच्यापुढे भेंडीचे दिवस लिहिलेले कुठून असणार? मी मात्र बेधडक "निघतो की" म्हणत होतो.

सरांनी त्या दिवशी घरी करायला एक प्रयोग दिला. दोन रुमाल हळदीच्या पाण्यात बुडवायचे. एक उन्हात वाळत घालायचा, दुसरा पेटीत ठेवायचा. मी केला. संध्याकाळपर्यंत उन्हातला रुमाल जवळपास पांढरा झाला, पेटीतला आठ दिवसांनीही पिवळाधमक होता. बायको म्हणाली, "हे शिकायला तुम्ही तिथे जाता? हळदीचा डाग उन्हात जातो, हे आम्हा बायकांना कधीचं ठाऊक आहे. आणि साबण लावला की आधी लाल होतो." तिचं बरोबर होतं. औषध कशाने उतरतं, याचे अभ्यासक्रमात पुढे चार धडे होते. त्यांतला पहिला तिने उभ्या उभ्या सांगितला होता.

पहिलं ऊन. इमामेक्टिन, स्पिनोसॅड अशी औषधं पानाच्या वरच्या बाजूला उन्हात लवकर फुटतात. पानाखाली, दाट वाढलेल्या झाडाच्या पोटात किंवा कोबीच्या गड्ड्यात ऊन पोचत नाही, तिथे ती रेंगाळतात. इमिडाक्लोप्रिडचं तर नवल आहे. उन्हातल्या पाण्यात ते काही तासांत निम्मं होतं आणि मातीत, अंधारात, महिनोन्महिने राहतं. शिवाय ते आंतरप्रवाही, झाडाच्या रसात शिरणारं. वरून कितीही धुतलं तरी आतलं निघत नाही.

दुसरी उष्णता. ढोबळ हिशेब असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की फुटण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात नांदेडचा पारा 43 च्या आसपास असतो, डिसेंबरच्या पहाटे 10-12 वर येतो. म्हणजे उन्हाळ्यात जे औषध चार दिवसांत उतरतं, त्यालाच हिवाळ्यात कितीतरी जास्त दिवस हवेत. शेतकरी मात्र बारा महिने तोच हिशेब धरतो, आणि हिवाळाच तर भाजीचा खरा हंगाम.

तिसरी वाढ. भेंडीचं फूल गळल्यापासून पाच-सहा दिवसांत ती तोड्याला येते. फवारताना करंगळीएवढी असलेली भेंडी तोडताना चौपट वजनाची झालेली असते, तेच औषध जास्त वजनात वाटलं जातं. मेथी-पालकाचं उलटं. किलोभर मेथी म्हणजे सगळी पानंच पानं. तेवढ्याच फवाऱ्यात तिच्यावर औषध कितीतरी जास्त बसतं.

आणि चौथी माती. भाजीवर मारलेल्या औषधातलं बरंचसं शेवटी खाली पडतं किंवा पावसाने धुऊन जमिनीत जातं. तिथे त्याला फोडायचं काम जिवाणूंचं. एन. सेतुनाथन या आपल्या शास्त्रज्ञाने योशिदा या सहकाऱ्याबरोबर 1973 मध्ये दाखवून दिलं, की फिलिपाइन्सच्या भातखाचरातला एक जिवाणू डायझिनॉन आणि पॅराथिऑन ही जहाल औषधं फोडतो. उष्ण प्रदेशातल्या मातीत ही ताकद आहे, हे त्यातून जगाला दिसलं. सेतुनाथन पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेत याच विषयावर काम करत राहिले. त्यांच्याबद्दल कळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ज्या मातीला आपण नुसतं झाड उभं राहण्यापुरतं धरतो, ती आपली घाण मुकाट्याने निस्तरत असते.

पण जिवाणूंना ओल लागते आणि खायला सेंद्रिय पदार्थ लागतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर आणि सेंद्रिय कर्ब मात्र बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. चिकणमाती औषधाला धरून ठेवते, फोडणारे मात्र अर्धपोटी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी मी औशाकडच्या एका नातेवाइकाच्या रानात गेलो होतो. भेगांत हात कोपरापर्यंत जात होता. त्या मातीत आदल्या हंगामाचं जे काही पडलं होतं, ते तसंच पडून असणार, हे आज कळतं. दुष्काळात पीक थांबतं तसं जिवाणूंचं कामही थांबतं.

आणखी एक गोष्ट शिकलो, ती सगळ्यांत अवघड. फुटणं म्हणजे निर्विष होणं, असं प्रत्येक वेळी नसतं. अॅसिफेट फुटून त्यातलं काही मेथामिडोफॉस होतं, डायमेथोएटचं ओमेथोएट होतं, आणि हे तुकडे मूळ औषधाहून जहाल आहेत. एंडोसल्फानचं मातीत सल्फेट होतं, ते मूळ औषधापेक्षा जास्त टिकतं. म्हणून आता कोणी मला म्हणालं, की "दोन दिवसांत त्याचा वास गेला, म्हणजे औषध गेलं," तर मी त्याला बसवून घेतो.

साबण अल्कधर्मी, म्हणून त्याने हळद लाल होते. बायकोच्या त्या बोलण्याचा उपयोग मला दुकानात झाला. बोअरच्या पाण्यात मिसळून मारलेल्या औषधाची तक्रार घेऊन लोक येतात. "मालक, औषध बोगस निघालं. डबल डोस मारला तरी अळी हलत नाई." पूर्वी मी दुसरं, आणखी कडक औषध द्यायचो. आता बाटलीत त्यांच्या बोअरचं पाणी मागवतो आणि त्यात कागदी पट्टी बुडवतो. बहुतेक वेळा सामू 8 च्या वर. अशा क्षारयुक्त, अल्कधर्मी पाण्यात मॅलाथिऑन, डायमेथोएट अशी औषधं टाकीतच फुटू लागतात. कोणी सकाळी ड्रममध्ये कालवून ठेवतो, वीज येईपर्यंत थांबतो आणि दुपारी मारतो. तोवर औषधाची ताकद गेलेली असते. ज्याने पानावरून उतरायला हवं, ते पंपातच उतरलं. मग डोस दुप्पट होतो, आणि ज्या औषधावर अल्कधर्मी पाण्याचा परिणाम होत नाही, त्याचाही होतो. पाण्यात थोडं सायट्रिक अॅसिड टाकून सामू 6 ते 7 वर आणा आणि कालवलेलं लगेच मारा, एवढंच मी सांगतो. तांब्याच्या बुरशीनाशकात मात्र हा आंबटपणा घालू नका, पानं भाजतात, हेही सांगतो. या एका पट्टीने माझ्या गिऱ्हाइकांचे दुप्पट डोस जितके थांबले, तितके भाषणांनी थांबले नसते.

मग राहिला तो लेबलवरचा रकाना. इमामेक्टिनला भेंडीसाठी 5 दिवस. क्लोरान्ट्रानिलिप्रोलला टोमॅटोसाठी 3 दिवस, आणि त्याच बाटलीवर वांग्यासाठी 22. इमिडाक्लोप्रिडला भेंडीसाठी 3, मिरचीसाठी 40. एकच औषध, पीक बदललं की दिवस बदलतात. वांग्याचा तोडा आठवड्यातून दोनदा. 22 दिवस थांबायचं म्हणजे सहा तोडे सोडायचे. कोण सोडेल? हे वाचून मी शेतकऱ्यावर चिडलो नाही. हे आकडे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि सांगितले असते तरी त्या सहा तोड्यांच्या पैशाचं काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

आमचा शेतकरी दिवस मोजू शकत नाही, असं कोणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. नाशिक, सांगली, सोलापूरकडचे द्राक्षवाले फवारणीची वही ठेवतात, शेवटच्या फवारणीपासून दिवस मोजतात, निर्यातीआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. 2003 नंतर पुण्याच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अवशेष तपासणीची व्यवस्था उभी राहिली. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटचे अवशेष सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली, केवढं नुकसान झालं. तेव्हापासून तिथला लहान मुलगाही प्रतीक्षा कालावधी जाणतो. माणसं तीच, महाराष्ट्र तोच. तिथे दिवस मोजले जातात, कारण विकत घेणारा मोजतो. नांदेडच्या इतवाऱ्यात पाटीतून भेंडी उचलणारा मोजत नाही, तो फक्त मोडून कोवळी आहे का बघतो. तिच्यावर कालची फवारणी आहे की सहाव्या दिवसाची, हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही. जो फरक दिसत नाही, त्याला लिलावात भाव मिळत नाही.

आमच्या हातात जेवढं आहे तेवढं आता मी करतो. औषध विकताना दोन प्रश्न विचारतो : पीक कोणतं, आणि पुढचा तोडा कधी. उत्तर ऐकून मार्करने बाटलीच्या टोपणावर तारीख लिहितो. 'तोडा 17 नंतर.' लहानपणी हिवतापवाले दाराशेजारी लिहायचे, तशी. बिलावर लिहिलेलं कोणी वाचत नाही. टोपण मात्र दर पंपाला उघडावं लागतं, कारण आमच्याकडे औषध टोपणानेच मोजतात.

दिवसांची रांगही लावून देतो. जास्त दिवसांची औषधं फुलाआधी, तोडे सुरू झाले की फक्त कमी दिवसांची. वांग्यात कामगंध सापळे लावा, किडलेले शेंडे खुडून जाळा, पाच टक्के निंबोळी अर्क आधी मारून बघा. आणि सगळ्यांत सोपी गोष्ट : आधी तोडा, मग संध्याकाळी फवारणी. फवारणीआधीच्या तोड्यात बोटाएवढी कोवळी भेंडीसुद्धा काढून घ्या. मग पाच दिवसांनी जी तोडाल ती फवारणीच्या वेळी फुलात होती, आणि मधल्या काळात जून होऊन वाया जायला झाडावर फारसं राहत नाही. तोडणाऱ्या बायांनाही फवाऱ्याने ओल्या झाडात हात घालावा लागत नाही. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. तिथे त्यांना लगेच "निघतो की" ऐकायला मिळतं. मनाला ते लागतं, पण त्या दोन शब्दांकडे मला परत जाता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात बारडच्या एका तरुण भेंडीवाल्याने टोपणावरची तारीख पाळली. शेंडेअळी अचानक वाढली, पाऊस सुरू होता, आधी कोवळी काढून घ्यायलाही जमलं नव्हतं. मधल्या दिवसांत भाव चढला आणि शेजारच्यांनी तोडून विकली. हा थांबून राहिला. 17 तारखेनंतर त्याने माल आणला, तेव्हा त्याच्या कॅरेटला इतरांच्या कॅरेटइतकाच भाव मिळाला, एक रुपया जास्त नाही. झाडावर जून झालेली दोन तोड्यांची भेंडी बांधावर पडली होती. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मालक, ही भेंडी गुरांना टाकू का?"

मी नको म्हणालो. माणसांसाठी जे दिवस धरले, ते जनावराच्या तोंडात घालून मोडायचे नाहीत. शेणखताच्या खड्ड्यात टाक, वरून शेणकाला ओत, माती लोट आणि ओल राहू दे, असं सांगितलं.

"आणि खड्ड्यातलं ते कधी काढू?" सवयीने त्यानेही दिवसच विचारले.

"तिथं घाई नाही," मी म्हणालो. "तिथं त्याला हवे तेवढे दिवस दे."